कायम झालेल्या साहेबांचा गाऊन

“वहिनी, मतदान सुरू झालं,” शेजारच्या टपरीतून किल्लीवाल्याने ओरडून सांगितलं, तेव्हा मास्तरीणबाई सुईत दोरा ओवून तयार बसल्या होत्या. मांडीवर काळा गाऊन पसरला होता. गाऊन सगळा शिवून झाला होता, फक्त त्याला गळा नव्हता. गळा वेगळा, इस्त्री करून मशीनच्या फळीवर ठेवला होता. स्टुलावर साहेबांचा चोपदार बसला होता. कोर्टात साहेबांच्या पुढे काठी घेऊन चालणारा हा माणूस एरवी ताठ असे, पण आज त्याचा एक पाय सारखा हलत होता.

या धंद्यात एक रीत आहे. हायकोर्टाचा हंगामी न्यायाधीश कायम व्हायचा असला, की त्याचा नवा गाऊन आधीच शिवून ठेवायचा, कारण इथल्या कायद्याप्रमाणे सभागृहाने मतदान करून होकार दिला की दुसऱ्या दिवशी सकाळी शपथ. हंगामीचा गाऊन साधा असतो. कायमच्या गाऊनला समोरून वरपासून खालपर्यंत रुंद रेशमी पट्टी लागते. पण गळा मात्र निकाल कळल्यावरच बसवायचा. गळ्याशिवायचा गाऊन म्हणजे नुसतं कापड, मोडून दुसऱ्या कोणाला करता येतो. ही रीत कोणी घातली ते मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. मास्तर म्हणजे बाईंचा नवरा. ते गेल्यावर दुकान बाईंनी चालवलं आणि गल्लीने त्यांना मास्तरीण म्हणायला सुरुवात केली. तसं पाहिलं तर मास्तरांच्या हयातीतही अर्ध्याहून जास्त हातशिलाई त्याच करत होत्या, पण तेव्हा त्यांना कोणी मास्तरीण म्हणत नसे. चहा टाका म्हणत.

न्यायाधीश कायम होण्याकडे एरवी कुत्रंही ढुंकून बघत नाही. पेपरात आतल्या पानावर दोन ओळी येतात आणि विषय संपतो. या साहेबांचं तसं झालं नाही. सरकारी इस्पितळातल्या नर्सेसनी संप केला होता, इस्पितळाने त्यांना बडतर्फ केलं आणि साहेबांनी निकाल दिला की बडतर्फी योग्य आहे. झालं. साहेबांचं नाव पुढे आलं तसं शहर दोन बाजूंना उभं राहिलं. एक बाजू म्हणे, यांचा मेहुणा इस्पितळाच्या मंडळावर आहे, यांनी हे प्रकरण हातातच घ्यायला नको होतं. दुसरी म्हणे, संपात पेशंट मेले त्यांचं काय, कायदा म्हणजे कायदा. महिनोन्‌महिने साहेब टीव्हीवर सभागृहाच्या समितीसमोर बसून प्रश्नांना उत्तरं देत होते. खाली कोपऱ्यावर नर्सेसनी मांडव टाकला होता. वाणी एका बाजूला होता आणि वाण्याची बायको दुसऱ्या. न्हावी गिऱ्हाईक बघून बोलत होता. वस्तरा त्याच्या हातात असल्यामुळे त्याला उलट कोणी बोलत नव्हतं.

किल्लीवाला साहेबांच्या बाजूचा होता. त्याची आई संपाच्या दिवसांत त्याच इस्पितळात होती आणि वॉर्डात कोणी नसताना गेली. त्यावर तो फार बोलत नसे. कानस हातात घेऊन किल्ली घासत बसे, आणि मांडवातून घोषणा आल्या की जरा जोरात घासे.

मांडवात बाईंची मुलगी होती.

ती नर्स झाली तेव्हा तिचा पहिला गणवेश बाईंनी स्वतः शिवला होता. संपात ती पुढे होती, बडतर्फ झालेल्यांतही पुढे. आईने साहेबांच्या गाऊनचं काम घेतलं हे कळलं त्या दिवशी ती दुकानाच्या पायरीवर उभी राहिली, आत आली नाही.

“तू त्याला कपडे घालणार?”

“कपडे नाही गं, गाऊन.”

“तेच ते, आई.”

तेव्हापासून तिचं दुकानात येणं बंद झालं. घर वेगळं होतं, त्यामुळे बोलणंही बंद झालं. मांडव दुकानापासून हाकेच्या अंतरावर होता आणि मुलगी तिथे पाठमोरी बसे. आईला नेमकी पाठच दिसेल अशी ती जागा निवडत होती की काय, हे बाईंना कधी कळलं नाही.

काम नको म्हणावं असं बाईंच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण मास्तरांच्या वेळेपासून खुर्चीवर जो बसेल त्याचा गाऊन या दुकानातून जात आला होता, त्यांतले काही साहेब भले होते आणि काही नव्हते. कोणाचा शिवायचा नि कोणाचा नाही हे शिंप्याने ठरवायला लागलं तर मग कोर्ट कशाला हवं, असा बाईंचा हिशेब. तो त्यांना पटलेला होता. फक्त एका ठिकाणी त्यांची छाती झाली नाही. गळा बसवण्याआधी साहेबांना दुकानात बोलावून गाऊन अंगावर चढवून बघायचा असतो. मास्तरांनी ते कधी चुकवलं नव्हतं आणि बाईंनीही नाही. पण साहेबांची गाडी दुकानासमोर थांबणार, साहेब आरशापुढे उभे राहणार, बाई गुडघ्यावर बसून त्यांच्या पायाशी टाचण्या लावणार, आणि हे सगळं मांडवासमोर. बाईंच्या डोळ्यांपुढे ते आलं आणि त्यांनी चोपदाराला सांगून टाकलं, “साहेबांचं माप माझ्याकडे आहे. हंगामी झाले तेव्हाचा मीच शिवलाय. त्यांना कशाला त्रास?”

चोपदारालाही सुटल्यासारखं झालं. साहेब हल्ली कुठे बाहेर जायला तयार नसत.

समोरच्या चहावाल्याकडे टीव्हीभोवती गर्दी वाढली. मग एकदम कोणीतरी टाळी वाजवली, कोणीतरी शिवी हासडली, आणि किल्लीवाल्याने आत डोकं घालून हळू आवाजात सांगितलं, “झाले कायम. निसटते.” मांडवात घोषणा उशिरा सुरू झाल्या, आणि त्यात जोर नव्हता. बाईंनी मान वर केली नाही. त्यांनी गळा उचलला, मध्याला मध्य लावला आणि टाके घालायला सुरुवात केली. बाहेर काय चाललं आहे याकडे लक्ष जाऊ नये म्हणून असेल, पण इतके बारीक आणि घट्ट टाके त्यांनी बऱ्याच दिवसांत घातले नव्हते. अंधार पडायच्या आत चोपदार गाऊन घेऊन गेला.

सकाळी शपथविधी बघायला बाई चहावाल्याकडे जाऊन उभ्या राहिल्या. असे शपथविधी त्यांनी पुष्कळ बघितले होते. माणूस काय बोलतो ते त्यांना कधी ऐकू येत नसे. त्या खांदा बघत. खांद्याची शिलाई हाडावर बसली की त्या परत येऊन कामाला लागत.

साहेब आले आणि बाईंची नजर खांद्यावर गेली. शिलाई हाडाच्या किती तरी खाली लोंबत होती. गळा मानेपासून सुटून उभा राहिला होता, त्यात आणखी एक मान सहज मावली असती. साहेब त्या महिन्यांत निम्मे झाले होते आणि हे बाईंना माहीत असायला हवं होतं, कारण रोज समोरच्या टीव्हीवर त्यांचा चेहरा होता. पण बाईंनी तो चेहरा मुद्दाम बघितलाच नव्हता. साहेबांनी शपथेसाठी उजवा हात वर केला. काखेतला मुंढा सैल, बाही रुंद, सगळं कापड घसरून कोपराशी गोळा झालं आणि आतला शर्ट उघडा पडला. त्यांनी डाव्या हाताने बाही वर ओढायचा प्रयत्न केला, मग ते कागद धरायला विसरले, मग शपथेतला एक शब्द विसरले.

चहावाल्याकडे एकजण फिसकन हसला आणि सगळे हसले.

“बाई, मानलं तुम्हाला,” चहावाला म्हणाला. “तोंडाने एक शब्द नाही, पण काय शिवलंय!”

बाईंना आधी तो काय म्हणतो आहे हेच कळलं नाही. दुकानात परत येऊन त्या मशीनपुढे बसल्या तेव्हा कळलं, त्याला ते मुद्दाम तसं शिवल्यासारखं वाटलं होतं. इतकं वाईट काम या दुकानातून कधी बाहेर पडलं नव्हतं, आणि ते सगळ्या शहराने बघितलं होतं. त्यांना भयंकर लाज वाटली. पण लाज वाटून घ्यायला पुरता वेळ मिळाला नाही, कारण मांडवातून नर्सेस आल्या. पायरीवर, रस्त्यावर उभ्या राहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीने बाईंचा हात धरून वर केला. दुसऱ्या दिवशी पेपरात चित्र आलं, गाऊनमध्ये हरवलेले साहेब, आणि खाली लिहिलं होतं की हा पोशाख शिवणाऱ्या बाईंना सलाम.

आणि मुलगी आली. इतक्या महिन्यांनी पायरी चढून आत आली, स्टुलावर बसली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

“मला वाटलं होतं तुला माझं काहीच नाही,” ती म्हणाली.

बाईंनी तोंड उघडलं. सांगायचं होतं. पण मुलीचे केस त्यांच्या गालाला लागत होते, आणि उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्या म्हणजे कधीच नाही हे प्रत्येकाला माहीत असतं, बाईंनाही होतं.

त्यानंतरचे दिवस बरे गेले, आणि तिथेच सगळी पंचाईत होती. मुलगी रोज दुपारी डबा घेऊन येई. कधी सोबत एखादी मैत्रीण असे. दोघी मायलेकी कापडाच्या ठाणांवर बसून जेवत आणि मुलगी लहानपणीसारखी बडबड करी. मांडवात ती सगळ्यांना सांगत होती की ही माझी आई. बाई ऐकत, हसत, आणि रात्री कूस बदलत राहत. नाव झालं होतं, पण कुठलं नाव? दोन वकील येऊन आपलं कापड परत घेऊन गेले. त्यांतला एक म्हणाला, तुमचं मत तुमच्याजवळ, आमचा खांदा आमच्याजवळ. हे एक वेळ चाललं. एक वकीलबाई मात्र मुद्दाम लांबून नवा गाऊन शिवायला आली, बाईंचं तोंडभर कौतुक केलं आणि जाता जाता हसून म्हणाली, माझा नीट शिवा हं. ते बाईंना जास्त लागलं.

किल्लीवाल्याने बोलणं टाकलं होतं. त्याचं स्टूल कायम बाईंच्या दुकानाकडे तोंड करून असे, ते त्याने फिरवलं. शेवटी बाईच त्याच्याकडे गेल्या. काय झालं म्हणून विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

“साहेब चूक की बरोबर, ते जाऊ द्या, वहिनी,” तो किल्लीवरून नजर न काढता म्हणाला. “तुमची पोर तिकडे आहे, तुम्ही तिकडे असणार. पण मास्तरांच्या दुकानातून असलं काम जावं?”

बाई परत आल्या. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही आणि मुलीला त्यांनी पित्ताचं कारण सांगितलं.

साहेब आले ते ऐन दुपारी, चालत. गाडी लांब ठेवली होती. मागे चोपदार, त्याच्या हातात पिशवी. मुलगी नुकताच डबा उघडून बसली होती, शेजारी तिची मैत्रीण. साहेब दारात थांबले, आत कोण आहे ते त्यांना माहीत नव्हतं. रस्त्यावरच्या लोकांना मात्र साहेब कोण ते माहीत होतं, त्यामुळे बघता बघता समोर माणसं जमली. किल्लीवाल्याची कानस थांबली.

“बाई, हा अंगाला बसवून मिळेल का?” साहेबांनी पिशवीतला गाऊन बाहेर काढला. त्याची घडी नीट घातलेली होती. “लोक म्हणतात तुम्ही हे मुद्दाम केलंत. केलं असेल तर मी वाद घालायला आलेलो नाही, दुसरीकडे जाईन. मला फक्त तुमच्याकडून ऐकायचंय.”

मुलीने आईकडे बघितलं. त्या बघण्यात काळजी नव्हती, अभिमान होता, आणि आता आई काय सुनावते ते ऐकायला ती सावरून बसली. एका शब्दाचं काम होतं. बाई नुसत्या हो म्हणाल्या असत्या तरी मुलगी जन्मभर त्यांची राहिली असती आणि गल्लीने पुढची कित्येक वर्षं ही गोष्ट सांगितली असती. गप्प बसल्या असत्या तरी भागलं असतं.

“मुद्दाम नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “चूक झाली. तुम्हाला बोलावून अंगावर घालून बघायला हवा होता. मी जुन्या मापावर शिवला.”

“का?”

“घाबरले.”

“कोणाला?”

बाईंनी हनुवटीने दाखवलं. “हिला. माझी मुलगी आहे. तुमच्या निकालात हिची नोकरी गेली.”

या ठिकाणी साहेबांनी काहीतरी बोलायला हवं होतं, असं गल्लीचं नंतर मत पडलं. माफी मागायला हवी होती असं काहींचं, आणि निकालाची बाजू मांडायला हवी होती असं काहींचं. साहेब काहीच बोलले नाहीत. त्यांनी मुलीकडे बघितलं, मुलीने नजर खाली घेतली नाही. मग साहेबांनी कोट काढला, चोपदाराकडे दिला, आणि बाईंकडे पाठ करून उभे राहिले.

बाईंनी टेप घेतली. खांदा घेतला, छाती घेतली. टेप छातीभोवती पुरून वर इतकी उरली की बाईंनी ती पुन्हा लावून बघितली.

“जेवण जात नाही हल्ली,” साहेब भिंतीकडे बघत म्हणाले.

मुलीची नजर नकळत त्यांच्या मानेवर गेली, मग हातांच्या नखांवर. वॉर्डात पेशंट आत आला की जाते तशी. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने ती काढून घेतली.

गाऊन दोन दिवसांनी, अंगावर घालून बघायला यावं लागेल, असं बाईंनी सांगितलं. साहेब येतो म्हणाले आणि गेले. समोरची गर्दी पांगायला वेळ लागला. मैत्रीण आधीच उठून मांडवाकडे गेली होती, तिथे आता सगळ्यांना कळलं असणार. मुलगी मात्र तशीच बसून होती.

“खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?” तिने विचारलं.

“तुझं काही नाही.”

“मग कोणाचं?”

“माझं. माझ्या हातून वाईट शिवलं जाईल, चुकून,” बाई म्हणाल्या. “मुद्दाम नाही शिवणार मी. तुझ्यासाठी पण नाही.”

मुलीने ते ऐकून घेतलं. ती भांडेल असं बाईंना वाटलं होतं, भांडली असती तर बरंही वाटलं असतं.

“मी सगळ्यांना सांगितलं होतं, आई,” ती म्हणाली. एवढंच. ओढणी सारखी केली, चपला घातल्या आणि पायरी उतरली. मांडवाकडे मात्र ती वळली नाही. त्याच्या समोरून चालत गेली, रस्ता ओलांडला आणि घराच्या दिशेने वळली.

बाईंना फार वाईट वाटलं. खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही वाटलं नाही. हात कामाला लागेनात. त्या गाऊन मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने स्टूल सरकल्याचा आवाज आला. किल्लीवाला आपलं स्टूल उचलून दुकानाच्या दारात घेऊन आला आणि बाईंकडे तोंड करून बसला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि तो दिसू नये याची तो खटपट करत होता.

“वहिनी, चहा सांगतो,” तो म्हणाला.

“नको, भाऊ.”

“अर्धा अर्धा.”

“नको म्हटलं ना. जेवायचंय अजून.”

डबा ठाणांवर तसाच उघडा होता. मुलीने झाकणात आईचं वाढून ठेवलं होतं, आपलं डब्यातच राहिलं होतं. बाईंनी ते दोन्ही बघितलं. मग झाकणातलं डब्यात परत घातलं, डबा बंद केला, आणि कात्रीच्या टोकाने खांद्याचा पहिला टाका उसवला.